चिंचेतलं पितळ

माझे घरमालक कुठलीही वस्तू घेण्याआधी वाजवून बघायचे. नारळ, कलिंगड, मडकं आपणही वाजवतो. ते दारं वाजवायचे, खुर्च्या वाजवायचे. एकदा माझ्या नव्या कोऱ्या लॅपटॉपवर टिचकी मारून म्हणाले, "बद्द वाजतोय. परत कर." मी हसले. पुढे तो लॅपटॉप वर्षाच्या आत मेला आणि त्यांनी महिनाभर मला त्यावरून जेवू दिलं नाही.

मी त्यांची वरची खोली बघायला गेले तेव्हा माझीही तशीच तपासणी झाली. फ्रिस्कोतलं घर, डॅलसच्या उत्तरेला जिथे काल शेत होतं आणि आज एका साच्यातून काढल्यासारखी घरं होती, त्यांपैकी एक. दारात काका उभे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि कोपरापर्यंत हात काळे.

"गाव?"

"नागपूर."

"गाडी चालवता येते?"

"येते."

"हायवेवर?"

"रोजच जाते, काका."

"मग या राहायला. भाड्याचं काकूशी बोला."

आत काकू कपाळाला हात लावून उभ्या होत्या. काकांना हायवेची भीती वाटायची हे मला नंतर कळलं. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून हा माणूस जिथे जाईल तिथे हायवेला खेटून जाणाऱ्या सर्व्हिस रोडने, प्रत्येक सिग्नलला थांबत जायचा. त्यांना भाडेकरू नको होती, ड्रायव्हर हवी होती. मला मात्र ते शेवटपर्यंत "भाडेकरू" म्हणूनच हाक मारत. "भाडेकरू, चहा घेणार का?" काकू चिडायच्या, "अहो, मुलीला नाव आहे!" त्यावर ते म्हणायचे, "नाव सगळ्यांनाच असतं."

टेलिकॉमचा फुगा फुटून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. काकांनी टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत जन्म काढला होता. एका सकाळी त्यांच्या बॅजने दार उघडलं नाही. ते तिथेच उभं राहून बॅज शर्टाला पुसून परत परत लावत होते, कारण दार बिघडलंय असंच त्यांना वाटत होतं. ही हकिगत ते स्वतः हसून सांगायचे. ऐकताना काकू नेहमी उठून आत जायच्या.

पंचावन्नी उलटलेल्या माणसाला तेव्हा कोण नोकरी देत होतं! रेझ्युमे पाठवून पाठवून थकले. तरी सकाळी आठला दाढी करून, बूट घालून तयार. फोन आंघोळीलाही बरोबर न्यायचे. काकू एका बँकेत काउंटरवर होत्या. घर त्यांच्या पगारावर आणि माझ्या भाड्यावर चाललं होतं.

आपल्या इथल्या लोकांत "कुठे असता?" म्हणजे कुठे राहता असं नसतं. कुठल्या कंपनीत असता, असं असतं. मंडळाच्या गणपतीला मोदकाचं ताट हातात यायच्या आत हा प्रश्न येतो. काका म्हणायचे, "गॅरेजमध्ये." लोक खो खो हसायचे, काय विनोदी आहेत हो तुमचे मिस्टर! पुढच्या वर्षापासून काका गणपतीला जायचे बंद झाले. खरं उत्तर दिल्यावर लोक हसतात याचं त्यांना काय वाटत असेल, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

गॅरेजचं कारण शेजारचे मास्तर. हे मास्तर म्हणजे सहा फुटी टेक्सन, शाळेत मुलांना वेल्डिंग शिकवून रिटायर झालेले. मास्तर हे नाव काकांनी ठेवलेलं आणि त्यांनी ते आनंदाने लावून घेतलेलं. काकांचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून ते त्यांना आपल्या नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेले. काकांनी सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवली होती. पस्तीस वर्षांनी चालवली तरी नेम बरा लागला म्हणे. पण घरी येताना त्यांच्या खिशात होत्या जमिनीवरून वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्या.

बंदुकीच्या काडतुसाचं बाहेरचं पितळेचं नळकांडं म्हणजे पुंगळी. गोळी उडून जाते, पुंगळी मागे राहते. ती साफ करून, मापात आणून तिच्यात परत दारू आणि गोळी भरता येते. अमेरिकेत हजारो लोक हा उद्योग घरच्या घरी छंद म्हणून करतात. आणि सगळ्यात उत्तम पुंगळी लष्कराची, कारण सैनिक सरावात एकदाच उडवून टाकून देतात. लष्कर ती पिंपच्या पिंप लिलावात विकतं.

"लोक गोल्फ खेळतात," काकू म्हणायच्या, "आमचे हे टरफलं वेचतात."

काकांना बंदुकीचं विशेष प्रेम नव्हतं. ससा दिसला तरी गाडी थांबवणारा माणूस. पण पुंगळी हातात धरून ते भजनात बसल्यासारखे डोळे मिटायचे. मूठभर पुंगळ्या घेऊन कानाशी हलवायच्या, आवाज ऐकायचा. मुठीत एक जरी तडकलेली असेल तरी आवाज बसतो. मग एकेक काढून ती चोर शोधायची. "पाच-सात वेळा परत भरता येते ही, भाडेकरू," एकदा म्हणाले. मग मूठ उघडत, "माणसाला कोण परत भरतंय!" हे त्यांनी हसत म्हटलं होतं. मी हसले नाही, कारण त्याच आठवड्यात त्यांना तीन कंपन्यांकडून नकार आले होते.

क्लबातले म्हातारे भरायचं काम हौसेने करत, पण निवडायचं आणि साफ करायचं काम म्हणजे तांदूळ निवडण्याइतकं कंटाळवाणं. काकांनी हेरलं की स्वच्छ, निवडलेला माल कुणी दिला तर हे घेतील. शरद ऋतूत क्लबाची मोठी स्पर्धा असे. क्लब म्हणाला, अख्खं पिंप आणलंत तर सगळंच्या सगळं आम्ही घेऊ.

आणि इकडे काकूंनी दिवाळीची मुदत घातली. न्यू जर्सीला काकूंच्या भावाचं दुकान होतं. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही, तर घर विकायचं आणि काकांनी मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. काकू दुष्ट नव्हत्या. त्या दमल्या होत्या. "मेहुण्याच्या गल्ल्यावर" हे शब्द काका असे उच्चारायचे की जणू समोर फाशीचा दोर लोंबतोय.

लिलाव कंप्युटरवर होता, बंद बोलीचा. म्हणजे प्रत्येकाने आपला आकडा एकदाच भरायचा, दुसऱ्याचा दिसणार नाही, सगळ्यात मोठा आकडा जिंकणार. काकांनी आकडा ठरवला, टाइप केला, आणि मग शेवटी एक डॉलर वाढवला.

"हा एक कशाला?" मी विचारलं.

"अगं, बोडका आकडा अपशकुनी. आहेर आपण पाचशे देतो की पाचशे एक?"

"काका, हे लग्न नाहीये. यू एस आर्मी आहे."

"मग आर्मीला शकुन नको?"

ते त्या एका डॉलरने जिंकले. दुसरा नंबर आला होता तो भंगारवाला. त्याने गोल आकडा भरला होता. काकांनी साखर वाटली. मास्तरांनी ती चमचाभर साखर हातावर घेऊन "आता हिचं करू काय?" असा चेहरा केला आणि मग कॉफीत टाकली.

माल आणायला लष्कराच्या यार्डात मी, काका आणि भाड्याचा पिकअप. अकरा सप्टेंबरनंतरचे दिवस, कसे होते ते सांगायला नको. आमच्यासारखे चेहरे लष्करी फाटकाशी पितळ मागायला आलेले. पहारेकऱ्याने कागद बघितले, गाडीखाली आरसा फिरवला, परत कागद बघितले. माझा व्हिसा, माझं ग्रीन कार्डाचं प्रोसेसिंग, माझे नागपूरचे आई-बाबा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. काका खाली उतरून त्याला विचारत होते, "तुमच्या या फाटकाचं बिजागर वाजतंय, तेल कधी घातलं होतं?" तो पोरगा आधी बघतच राहिला. मग म्हणाला, "सर, मी जानेवारीपासून हेच सांगतोय!" आम्हाला आत सोडलं. परतीच्या वाटेवर मी सर्व्हिस रोड सोडून हायवेला लागले आणि काका पूर्ण वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते.

आता साफ करायचं. मास्तरांकडे त्यासाठी फिरणारा डबा होता; त्यात मक्याच्या कणसाचा भरडा घालून पुंगळ्या तासन् तास घुसळतात. आवाज भयंकर, धूळ त्याहून. काकांनी नाक मुरडलं. "पितळ घासायला मक्याचं कणीस? माझ्या आईने जन्मभर चिंचेने घासलं. तिच्या घागरीत तोंड दिसायचं."

आम्ही देशी दुकानातली चिंच उचलली. सगळी. दुकानदाराने विचारलं, "लग्न आहे का घरी?" काका म्हणाले, "तसंच समजा." परसात लहान मुलांचा फुगवायचा पोहण्याचा हौद मांडला, निळा, त्यावर हसरे मासे. त्यात चिंचेचा कोळ, भरपूर मीठ आणि लष्कराचं अख्खं पिंप. संध्याकाळी काकू बँकेतून आल्या आणि बघून म्हणाल्या, "अहो, चिंच लावून लगेच धुतात. रात्रभर कुणी भिजवतं का? लोणचं घालायचंय?"

"मोठं प्रमाण आहे. वेळ जास्त लागणार."

सकाळी मी कॉफीचा कप घेऊन बाहेर आले तर काकू हौदाशी उभ्या, हरखलेल्या. पुंगळ्या गुलाबी झाल्या होत्या. काळपट डाग गेले होते आणि बाहुलीच्या बांगड्यांसारखा नाजूक गुलाबी रंग आला होता. "काय सुंदर दिसतायत!" काकू म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. मग काका आले, एक पुंगळी उचलली, उन्हात धरली, आणि हौदाच्या काठावर मटकन बसले. काठ फुगवलेला असल्यामुळे खाली दबला आणि चिंचेचं पाणी त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवरून वाहत गेलं. त्यांनी पाय हलवला नाही.

"जस्त गेलं," ते म्हणाले.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात फार वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि मागे तांबं राहतं, म्हणून गुलाबी. किती खोलवर गेलं ते बघून सांगता येत नाही. आणि जस्त गेलेली पुंगळी कमकुवत, बंदुकीतच फुटू शकते.

मास्तर कुंपणावरून वाकून आले. अंगठ्याने पुंगळी चोळली. "हे वरवरचं आहे. मी तर बिनधास्त वापरीन. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक म्हणजे किती?"

मास्तरांनी खांदे उडवले. काकांनी मूठभर घेतल्या, कानाशी हलवल्या. मीही ऐकलं. आवाज खणखणीत होता. पुन्हा दुसरी मूठ, तिसरी मूठ. तोच आवाज. इतकी वर्षं ज्या कानावर त्यांनी सगळं जग पारखून घेतलं, तो कान सांगत होता की माल चांगला आहे. स्पर्धा दोन आठवड्यांवर होती, दिवाळी त्यानंतर लगेच.

"आवाज तर बरा आहे," काकू हळूच म्हणाल्या.

"आवाज बरा आहे गं. पण माणूस हे गालाशी धरून उडवतो." काकांनी मूठ सोडली. "मला खात्री नाही. मी नाही देऊ शकत."

मी काकूंकडे बघितलं, कारण हे घर राहणार की जाणार हे त्या हौदात होतं आणि त्यांना ते सगळ्यात चांगलं माहीत होतं. त्या आत गेल्या. मला वाटलं, आता आतून भांडी आपटल्याचा आवाज येणार. त्या चहा घेऊन बाहेर आल्या, काकांच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "नका देऊ. माझा भाऊ कुठे पळून जात नाहीये. त्याचं दुकान पुढच्या दिवाळीलाही असेल." मग माझ्याकडे वळून, "तू बघतेस काय? गाडी काढ."

"कशाला?"

"चेपायला. भंगारात तशाच दिल्या तर कुणीतरी उचलून वापरेल. मग ह्यांना झोप लागायची नाही."

तो शनिवार मी विसरणार नाही. ड्राइव्हवेवर गुलाबी पुंगळ्यांचा सडा, त्यावरून मी गाडी पुढे-मागे करतेय, माझ्यामागून मास्तर त्यांचा ट्रक आणतायत, काकू झाडूने कडेच्या मध्ये लोटतायत आणि काका ट्रॅफिक पोलिसासारखे हात करतायत. समोरच्या घरातली मुलं खुर्च्या टाकून बसली होती. पुढच्या आठवड्यात कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं की ड्राइव्हवेवर औद्योगिक स्वरूपाचं काम करू नये. काकूंनी ते फ्रीजवर लावलं. म्हणाल्या, "औद्योगिक! ऐकलंत? उद्योग आहे म्हणतायत."

काका क्लबाच्या मीटिंगला गेले. मलाही नेलं, रस्ता हायवेचा होता. उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. आई, घागर, चिंच, हसरे मासे, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, माझ्याकडे तुमच्यासाठी माल नाही, मला माफ करा. मग मागून कुणीतरी विचारलं, "टॅमरिंड म्हणजे काय?" काकांनी खिशातून चिंचेच्या गोळ्यांची पुडी काढली. ती सगळीकडे फिरली, आणि एकेका टेक्सनचं तोंड असं वाकडं झालं की मला हसू आवरेना. पहिल्या बाकावरचे एक अगदी म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "मी असतो ना, तर तुम्हाला विकून मोकळा झालो असतो." सगळे हसले. तो पहिला हशा होता ज्यात काकाही मोकळेपणाने सामील होते.

ऑर्डर रद्द झाली नाही. पुढच्या लिलावात क्लबासाठी बोली काकांनी लावायची, माल काकांनी बघायचा, असं त्याच रात्री ठरलं. भंगारातही फार मार बसला नाही. त्या वर्षांत तांब्याचे भाव चढत होते. "तुमचं पितळ उघडं पडलं," काकू म्हणाल्या, "पण भाव चांगला आला." मक्याच्या भरड्याचा डबा काकांनी मास्तरांकडून मुकाट्याने उचलून आणला. दिवाळी आली, गेली. मुदतीचं नाव कुणी काढलं नाही.

पुढची वर्षं त्या डब्याच्या घरघरीत गेली. गॅरेजमध्ये दोन रांगांत बादल्या, एकीवर देवनागरीत "खणखणीत", दुसरीवर "बद्द". ओक्लाहोमाहून माणसं गाडी घेऊन यायची. एकदा काउबॉय हॅटवाला एक दांडगा गडी मूठ कानाशी हलवून गंभीरपणे "धिस वन इज बद्द" म्हणाला, तेव्हा मी आत पळाले. खंडेनवमीला काका गॅरेजमधल्या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहायचे, झेंडू घालायचे. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक आलं तर त्याला पेढा देऊन परत पाठवायचे: "मशीनला आज सुट्टी आहे. आम्ही वर्षातून एक दिवस त्यालाही माणूस समजतो." मास्तर दरवर्षी कुंकू लावून घ्यायचे आणि दिवसभर तसेच हिंडायचे.

मी दरम्यान नोकरी बदलली होती. कुठे, तर काकांच्याच जुन्या कंपनीत. त्यांनी बनवलेली यंत्रं लहान लहान गावांत अजून चालू होती आणि ती आतून ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. एक दिवस मीटिंगमध्ये अशाच एका यंत्रावरून सगळे डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, माझे घरमालक हे बनवायचे, आणि नाव सांगितलं. आमच्या मॅनेजरची खुर्ची गर्रकन वळली.

मी तशीच घरी आले. काका गॅरेजमध्ये स्टुलावर, मूठ कानाशी. मी सांगितलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"असं नको. तो जसा म्हणाला तसं सांग. इंग्लिशमध्ये."

"'वी नीड हिम.' असं म्हणाले. पूर्णवेळ नको असेल तर अर्धवेळ, पगार तुम्ही सांगाल तो."

काकांनी पुंगळ्या खाली ठेवल्या. हात फडक्याला पुसले, एकेक बोट करून. मग आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. भाडेकरू काय म्हणतेय बघ." काकू आल्या. मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं. काकू एका पालथ्या बादलीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या, त्या सगळ्या वर्षांचं एकदम. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या बोटांचे काळे ठसे काकूंच्या साडीवर उमटले आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

काकूंचं रडू ओसरलं. मी विचारलं, "मग काय सांगू त्यांना?"

काकांनी गॅरेजभर नजर फिरवली. मंगळवारी लिलाव होता. क्लबाचा माल निवडायचा बाकी होता. त्यांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी डोळे पुसून मान हलवली, आणि काका स्टुलावर परत बसले.

"सांग, नाही जमणार," ते म्हणाले. मूठभर पुंगळ्या उचलल्या, कानाशी नेल्या, आणि मध्येच थांबले. "पण नीट सांग हां, भाडेकरू. त्यांना वाईट वाटायला नको."